यादीतली पहिली ओळ

"रुबी आळशी आहे, चिसातो. आणि आळशी माणसाचं एक बरं असतं, तो काय करणार ते आधीच कळतं."

त्सुमोरी सेन्सेईंचा, म्हणजे तिच्या गुरुजींचा, आवाज थंडीतल्या चहाच्या वाटीसारखा होता, भोवती हात धरून बसावं असा. चिसातो तेव्हा तेवीस वर्षांची होती. रुबी या संगणकभाषेत लिहिलेला तिचा प्रोग्राम सकाळपासून एकच रडगाणं गात होता, फाइल सापडत नाही, फाइल सापडत नाही. सेन्सेईंनी खुर्ची ओढली आणि पडद्याकडे न बघताच बोलायला लागले.

"तू नुसतं नाव सांगतेस, अमुक फाइल घेऊन ये. ती राहते कुठे ते सांगत नाहीस. मग ही बाई काय करते? तिच्याकडे वाटांची एक यादी असते. पहिल्या वाटेने जाते, त्या फोल्डरात डोकावते. त्या नावाचं कोणी भेटलं की त्यालाच हाताला धरून आणते. दुसऱ्या वाटेला वळतसुद्धा नाही. तू म्हणशील, अगं, हा नव्हे, त्याच नावाचा दुसरा. तिला काय त्याचं? नाव जुळलं, काम संपलं. म्हणून यादीत सगळ्यात वर कोण बसलंय, ते बघत जा."

त्याला वीस वर्षं झाली होती. सेन्सेईंना जाऊनही सात.

सप्टेंबरातल्या त्या गुरुवारी दहा वाजून गेले तरी कचेरीत कोणी पाणी तापवलं नव्हतं. मात्सुए गावात दहाचा चहा चुकतो तो घरात कोणी गेलं असेल तरच. खिडकीबाहेर शिन्जीचं तळं पसरलं होतं, वारा नसलेलं, शिशासारखं जड. आत तिघं होते. मालक मोरिवाकी फोनवर कोणाला तरी वाकून वाकून 'हो' म्हणत होते. चिसातो आपल्या जागेवर. आणि खिडकीशी तिचा ओसाकाहून आलेला सहकारी इबुकी, हातात माफीपत्र घेऊन.

"'माझ्या निष्काळजीपणामुळे', की 'माझ्या हातून घडलेल्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे'?" त्याने विचारलं. "चिसातो-सान, जास्त शरमेचं कुठलं वाटतं?"

"ओसाकात काय लिहितात?"

"ओसाकात माफी मागायच्या आधी एक विनोद सांगतात. लोक हसले की निम्मी माफी तिथेच मिळते. इथे सांगितला तर मला तळ्यात बुडवतील, आणि वर म्हणतील, बघा, बुडतानाही बडबडत होता."

चिसातो हसली नाही. तोही हसला नाही. सोमवारपासून तो असाच बोलत होता, तोंडाने थट्टा, आणि हाताचा अंगठा सारखा कागदाची कड खरवडत.

सोमवारी तळ्यात माणसं मेली नव्हती, पण काठावर सुतक बसलं होतं. शिन्जीच्या पोटात शिजिमी असतात, काळ्या पाठीच्या नखाएवढ्या शिंपल्या, तिसऱ्यांच्या जातीच्या. गावाची सकाळच त्यांच्या कढणाने उजाडते. काठावरची बारा घरं त्यांची पिल्लं पिंजऱ्यांत वाढवत. पिंजरे तळाशी टांगलेले. वर ठेवावे तर ऊन आणि पाणबदकं, खाली ठेवावे तर वर्षातून काही दिवस नदीवाटे समुद्राकडचं खारं पाणी तळाशी सरपटत येतं, आणि त्या पाण्यात प्राणवायू नसतो. त्याची चाहूल लागावी म्हणून तळाशी सहा सेन्सर होते. दर दहा मिनिटांनी ते आकडा पाठवत, मोरिवाकींच्या कचेरीतला प्रोग्राम तो मोजे, आणि प्राणवायू लिटरमागे तीन मिलिग्रॅमच्या खाली गेला की धक्क्यावरचा हिरवा दिवा लाल होई, बाराही घरांचे फोन वाजत. मग होड्या धावत, पिंजरे वर ओढले जात.

सोमवारी दिवा हिरवाच राहिला होता. फुकुमा सेत्सुको नावाच्या अडुसष्ट वर्षांच्या बाईचे ऐंशी पिंजरे तळ्याच्या सगळ्यात खोल भागात होते. त्यातल्या शेहेचाळीस पिंजऱ्यांतल्या शिंपल्यांनी संध्याकाळपर्यंत मरून तोंडं उघडली. तीन वर्षं वाढवलेला जीव, एका दुपारी.

वसंतात सेन्सर नवे आले होते आणि त्यांचा आकडा मोजणारी फाइल इबुकीने नव्याने लिहिली होती; ऑगस्टात दोन्ही एकदमच कामाला लागली. एवढं पुरेसं होतं. मच्छीमार संस्थेने म्हटलं, चूक कोणाची ते शिक्क्यानिशी लिहून द्या, आणि तो माणूस आमच्या कामावर पुन्हा नको. मोरिवाकींकडे संस्थेच्या कामाखेरीज काम नव्हतं. म्हणजे आज दोन वाजता, संस्थेच्या दालनात, इबुकी पत्र वाचणार, खाली सहीच्या जागी आपला शिक्का उमटवणार, आणि महिनाअखेर बायको आणि दुसरीतल्या मुलीला घेऊन हे गाव सोडणार. लहान गाव. इथे नाव एकदा ओलं झालं की वाळत नाही.

"माझ्या यंत्रावर बरोबर चालते हो ती फाइल," तो पुन्हा म्हणाला, कोणाला उद्देशून नव्हे. "शंभरदा चालवली. अठरा दिले की लाल, ऐंशी दिले की हिरवा. सर्व्हरवर जाऊन तिला काय भूत लागतं?"

सर्व्हरवर जायचा त्याचा परवाना सोमवारी संध्याकाळीच काढून घेतला होता. मंगळवारी त्याने चिसातोला विचारलं होतं, "सर्व्हरवर मला माहीत नसलेलं असं काही आहे का?" ती म्हणाली होती, "नसावं." बुधवारी मोरिवाकींनी तिला बघायला सांगितलं. तिने बघितलं, पण घरात साप शिरला असेल असं वाटणारा माणूस कोपरे सोडून मधलीच फरशी बघतो, तसं.

मोरिवाकींनी फोन ठेवला. कपाळ पुसत म्हणाले, "चिसातो-सान, शेवटचं एकदा बघून घ्या. कोणी उलट विचारलं तर मला म्हणता आलं पाहिजे, की बघितलं."

ती उठली. सर्व्हरची खोली म्हणजे जिन्याखालची एक कोठडी, पंख्याच्या घरघरीने भरलेली. स्टुलावर बसून तिने एक ओळ लिहिली. रुबीला एवढंच विचारलं, बाई गं, तुझ्या वाटांची यादी सांग.

यादी उतरली. एकोणीस ओळी. तिने खालून वर वाचायला सुरुवात केली, जणू वरच्या ओळीपर्यंत पोचायला तेवढाच उशीर होईल. रुबीची स्वतःची फोल्डरं. बाहेरून आणलेल्या सामानाची. मग प्रकल्पाचं फोल्डर, जिथे इबुकीची नवी फाइल राहत होती. आणि त्याच्याही वर, सगळ्यात वर, पहिल्या ओळीत,

त्सुमोरी.

तिने डोळे मिटले. पण मिटल्या डोळ्यांनाही ती ओळ दिसत होती, कारण ती तिनेच घातली होती.

नऊ वर्षांपूर्वी सेन्सेई पहिल्यांदा इस्पितळात गेले. म्हणाले, मला इथे पडून पडून गंज चढेल, काहीतरी काम दे. तेव्हा तिने सर्व्हरवर त्यांच्या नावाचं फोल्डर केलं आणि त्याची वाट यादीच्या डोक्यावर बसवली. सेन्सेई खाटेवरून एखादी फाइल दुरुस्त करून तिथे ठेवत, आणि रुबी आधी तिथेच डोकावत असल्यामुळे तीच चाले. कोणाला काही हलवावं लागत नसे. ही ओळ प्रकल्पाच्या फाइलींत नव्हतीच. सर्व्हर प्रोग्राम सुरू करताना जे टिपण वाचतो, त्यात होती. प्रकल्प कोणी कितीही उलटापालटा केला तरी ती दिसली नसती. इबुकीला ती दिसायची सोयच नव्हती.

मग एका नोव्हेंबरात सेन्सेई गेले. क्रियाकर्म झालं, आणि आठवड्याने मोरिवाकींनी एक कागद तिच्यापुढे ठेवला. सेन्सेईंचं खातं, फोल्डर, वाट, सगळं काढायचं, काढलं की पुढे खूण करायची. तिने खातं बंद केलं. फोल्डरातल्या जुन्या फाइली एकेक पुसल्या. शेवटी एकच राहिली, खाटेवरून लिहिलेली सगळ्यात शेवटची. तिच्या माथ्यावर त्यांनी त्यांच्या तऱ्हेने एक ओळ लिहिली होती, 'आज ताप कमी. खिडकीतून बदकं दिसतात.' चिसातोचं बोट बटणावर थांबलं, ते उतरेचना.

तिची आई, वडील बोटीवर असत तेव्हा, त्यांचं ताट रोज वाढायची. भात, कढण, लोणच्याची फोड, बाजूला त्यांच्या चॉपस्टिक्स. दूर असलेल्या माणसाची जागा मोडू नये म्हणायची. जागा मोडली की माणसाला परतीची वाट लागत नाही. घरोघरी वाढत तसलं ताट. चिसातोने ती फाइल राहू दिली, आणि ओळही. प्रकल्पात त्या फाइलीची तंतोतंत तशीच प्रत होतीच. रुबीने इथली घेतली काय, तिथली घेतली काय, काय बिघडणार होतं?

मोरिवाकींनी विचारलं, "झालं सगळं काढून?"

"काढलं," ती म्हणाली, आणि कागदावर तिन्ही खुणा केल्या.

फाइलीचं नाव होतं सान्सो. म्हणजे प्राणवायू. इबुकीने वसंतात जी नव्याने लिहिली, तिचंही नाव तेच. नावं कशाला बदलेल कोणी?

पंखा घरघरत होता. चिसातोने जुनी फाइल उघडली आणि हिशोब तिच्या डोळ्यांसमोर आपोआप उलगडला. जुने सेन्सर लिटरमागे मिलिग्रॅम सांगत. नवे सेन्सर, पाण्यात मावेल त्याच्या किती टक्के आहे, ते सांगतात. तळाशी अठरा टक्के उरले, म्हणजे जेमतेम दीड मिलिग्रॅम, शिंपल्यांचा जीव कंठाशी. पण सेन्सेईंची फाइल त्या अठराला अठरा मिलिग्रॅमच समजणार. तीनच्या किती वर. आनंदी आनंद. दिवा हिरवा. कितीही गुदमरलं तळं, तरी हिरवा.

तिच्या खिशातला फोन थरथरला.

"चिसातो-चान, मी सेत्सुको." मागे पाण्याची चुळुक आणि इंजिनाची धडधड. "मोरिवाकीचा फोन कोणाशी गुलुगुलु करतोय कोण जाणे, लागत नाही. पोरी, मला सांग, पाणी कसं आहे?"

"तुम्ही कुठे आहात?"

"माझ्या पिंजऱ्यांवर. उरलेल्या चौतीसांवर. वारा मेलाय सकाळपासून. नाकाला वास येतोय, सडकं अंडं फुटल्याचा. पण तुमचा तो दिवा बघ, नव्या नवरीसारखा हिरवागार नटून उभा. संस्थेचा हातात धरून मोजायचा मापक पलीकडच्या काठाला गेलाय, यायला दीड तास. मी काय करू? ऊन बघितलंस? वर ओढले आणि खाली सगळं ठीक असलं तर उन्हाने मारीन मी त्यांना. आणि खाली ठेवले आणि वास खरा असला तर..." ती थांबली. "सोमवारी दिव्याचं ऐकलं. आज नाकाचं ऐकू?"

चिसातोने कच्चे आकडे उघडले. सेन्सरांनी पाठवलेले, कोणत्याही फाइलीच्या हाती न लागलेले. एकतीस. एकोणतीस. सव्वीस. दर दहा मिनिटांनी पायरी खाली.

"ओढा, सेत्सुको-सान," ती म्हणाली. "आत्ता ओढा."

"तुझा दिवा हिरवा म्हणतोय."

"दिवा खोटं बोलतोय."

"मी ओढीन. पण बाकीची अकरा घरं? ती दिव्याकडे बघून चहाला बसलीत. म्हातारीच्या नाकावर कोण होडी काढेल? आणि तुझ्या कचेरीच्या शब्दावर तर आज कुत्रंही उठणार नाही, राग मानू नकोस."

"मी दिवा लाल करते," चिसातो म्हणाली.

फोन बंद न करताच तिने तो मांडीवर ठेवला. टिपण उघडलं. पहिली ओळ. नऊ वर्षांत कोणी हात न लावलेली. तिने ती निवडली, आणि याही वेळी बोट थांबलं, पण श्वासभरच. पुसली. मग तिने सगळा प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला, कारण रुबीने एकदा फाइल आणली की ती तीच धरून बसते, उठल्याखेरीज नव्याने बघत नाही. यादी पुन्हा मागवली. अठरा ओळी. वर प्रकल्पाचं फोल्डर. सान्सो आता एकच.

पुढचा आकडा यायला सात मिनिटं होती.

सात मिनिटं म्हणजे किती, ते चिसातोला तोवर ठाऊक नव्हतं. मांडीवरच्या फोनमधून सेत्सुकोचा आवाज येत होता. ती चिसातोशी बोलत नव्हती. दोर ओढताना बायका म्हणतात तसं काहीतरी म्हणत होती, अर्धं श्वासात, अर्धं पाण्यात:

*दोर ओढिते, तळ हाले*
*काळ्या मातीचे दाणे काळे*
*वर ये बाळा, वारा पी बाळा*
*पाणी झालं गं परकं तुला*

एक पिंजरा. मग पुन्हा तेच कडवं, दुसरा पिंजरा. तिसऱ्याला तिला धाप लागली आणि ओळ मध्येच तुटली.

दार लोटून इबुकी आत डोकावला. "मोरिवाकी-सान विचारतायत, झालं का म्हणून." त्याची नजर पडद्याकडे गेली. चिसातोचा खांदा आपोआप हलला आणि पडद्याच्या आड आला.

"पाच मिनिटं," ती म्हणाली.

"कोण गातंय?"

"सेत्सुको-सान. पिंजरे ओढतायत."

इबुकीने चौकट धरली. "का? दिवा...?"

"थांबा."

तो थांबला. चौकटीला टेकून, तळहात पाठीमागे दाबून. दोघं पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघत राहिले. तीन मिनिटं. दोन. तिला इबुकीच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि वाटत होतं, याच्या श्वासाला आपण मोजतोय, आणि कुठल्या फाइलीने मोजतोय ते याला माहीत नाही.

आकडा आला. बावीस. प्रोग्रामने तो घेतला, इबुकीच्या फाइलीला दिला, आणि फाइलीने सांगितलं, एक पूर्णांक आठ.

मांडीवरच्या फोनमधून दूरवरून एक भोंगा ऐकू आला. मग सेत्सुकोचा आवाज, धापा टाकत, "झाला गं. लाल झाला. अगं बाई, ती बघ, ओकुमुराची होडी सुटली. मागून कोण? सगळेच सुटले. तोंडात घास घेऊन सुटले मेले." आणि फोन बंद झाला.

इबुकी भिंतीशी घसरून खाली बसला. दोन्ही हात तोंडावर. मग म्हणाला, "काय केलंत तुम्ही?"

इथे तिला सांगता आलं असतं. कोठडीत दोघंच होते. वाक्य तयार होतं, जिभेच्या मुळाशी, शिंपल्यातल्या खड्यासारखं.

"पुन्हा सुरू केलं," ती म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच."

मोरिवाकी धावत आले, फोन कानाला. ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावर सोमवारपासून पहिल्यांदा रक्त आलं. फोन ठेवून ते इबुकीकडे वळले, आणि त्यांचा आवाज जवळजवळ मायेचा होता.

"म्हणजे हेच होतं तर. ऑगस्टात नवी फाइल ठेवली, आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करायचा राहिला. जुनीच चालत बसली. होतं असं. पत्रात तेवढं घाला, संस्थेला नेमकं कारण दिलं की बरं पडतं."

"मी सुरू केला होता," इबुकी सावकाश म्हणाला. "मला आठवतंय, केला होता. मुलीच्या शाळेतून फोन आला त्याच दिवशी..." मग त्याने डोळे चोळले. "की फोन आला म्हणून राहिला? माहीत नाही. आता काहीच माहीत नाही. चालेल, लिहितो."

आणि तो स्टुलाच्या कडेवर कागद ठेवून लिहायला लागला. चिसातो उभी राहून बघत होती. तो स्वच्छ अक्षरात, एका रेषेत, स्वतःची आठवण खोडत होता. जे त्याने केलं होतं ते केलं नाही असं लिहीत होता. तिला पाणी हवंसं वाटलं. ती वर गेली, नळ सोडला, वाटी भरली, आणि तशीच ओतून दिली.

दोन वाजता संस्थेच्या दालनात चटयांवर बारा घरांची माणसं बसली होती. बाह्या ओल्या, पायांना चिखल, चेहऱ्यावर थकवा, पण सोमवारचा तो दगडी राग नव्हता. आज कोणाचा पिंजरा गेला नव्हता. सेत्सुको पुढच्या रांगेत होती, दोरीने सोललेल्या तळहातांना कसलंसं मलम चोळत. चिसातोला बघून तिने हनुवटी उचलली, ओळखीच्या माणसाला उचलतात तशी. ती ओळख चिसातोला चटक्यासारखी लागली.

इबुकी मधोमध गुडघ्यांवर बसला, पत्र दोन्ही हातांत. त्याने वाचलं. आवाज कापला नाही. "...नवी फाइल ठेवल्यानंतर प्रोग्राम पुन्हा सुरू करण्याचं माझ्या हातून राहिलं. फुकुमा सेत्सुको-सान यांच्या शेहेचाळीस पिंजऱ्यांच्या नुकसानीला सर्वस्वी मी जबाबदार आहे." मग तो वाकला, कपाळ चटईला लागेपर्यंत, आणि उठलाच नाही.

संस्थेचे अध्यक्ष खाकरले. "ठीक आहे. शिक्का आणलाय ना?"

इबुकी उठला. खिशातून छोटी डबी काढली. लाल शाईची गादी पुढे सरकवली गेली.

"एक मिनिट," सेत्सुको म्हणाली. "मला या माणसाला एक विचारायचंय. मेले ते माझे, तेवढा हक्क आहे."

अध्यक्षांनी मान हलवली.

"बाळा, तू ओसाकाचा ना? तुम्हा लोकांची जीभ चालते असं ऐकलं होतं. हे पत्र तुझ्या जिभेचं वाटत नाही. तुला आठवतं का, की राहिलं होतं?"

इबुकीने पुढ्यातल्या पत्राकडे बघितलं. "नाही आठवत," तो म्हणाला. "पण तसंच झालं असणार."

"असणार? माझ्या नवऱ्याची होडी उलटली तेव्हाही सगळे म्हणाले, दोर नीट बांधला नसणार. बांधला होता. मी स्वतः बघितला होता. 'असणार'वर शिक्का मारू नये."

"सेत्सुको-सान," मोरिवाकी हळूच म्हणाले, "आम्ही तपासलंय. चिसातो-सानांनी स्वतः पुन्हा सुरू केल्यावर तो बरोबर चालला. तुमच्यासमोरच दिवा लाल झाला."

सगळ्या माना चिसातोकडे वळल्या. बारा घरांच्या, उन्हाने रापलेल्या. आणि त्यांच्यामध्ये इबुकीची, वळलेली नव्हे. तो शिक्क्याची डबी उघडत होता. झाकण घट्ट होतं. त्याची बोटं घसरली, पुन्हा घसरली, मग उघडलं. त्याने शिक्का गादीवर दाबला, आणि उचलला, आणि कागदावर आणला. कागद आणि शिक्का यांच्यात तांदळाच्या दाण्याएवढं अंतर होतं.

चिसातोने त्याचं मनगट धरलं.

तिलाच कळलं नाही ती कधी पुढे आली. शिक्का तिच्या बाहीला लागला, लाल डाग पडला. दालनात कोणीतरी श्वास घेतला. मोरिवाकी म्हणाले, "चिसातो-सान?"

तिने मनगट सोडलं आणि इबुकीच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. सेन्सेईंचं नाव घ्यायची तिची इच्छा नव्हती. घ्यावंच लागणार होतं. या दालनातले अर्धे लोक त्यांच्या क्रियाकर्माला आले होते.

"यांनी प्रोग्राम पुन्हा सुरू केला होता," ती म्हणाली. आवाज बारीक निघाला, म्हणून तिने पुन्हा सांगितलं, सेत्सुकोकडे बघत. "ऑगस्टातच केला होता. सर्व्हरने त्याची नोंद ठेवली आहे, कोणीही बघू शकेल. यांची फाइल बरोबर होती. पण ती कधी वापरलीच गेली नाही. सर्व्हर त्याच नावाची एक जुनी फाइल आधी उचलत होता, त्सुमोरी सेन्सेईंची."

"मेलेल्या माणसावर घालू नकोस," मागून कोणीतरी पुटपुटलं.

"त्यांच्यावर घालत नाही. त्यांच्या वेळेला ती बरोबरच होती." तिचे तळहात मांडीवर उताणे पडले होते आणि तिला ते पालथे घालता येईनात. "ती वाट यादीत सगळ्यात वर मी घातली होती. आज सकाळी मीच काढली, म्हणून दिवा लाल झाला, नुसतं पुन्हा सुरू करून नव्हे. आणि तिथेच यांनी मला विचारलं, काय केलंत, तेव्हा मी खोटं बोलले."

इबुकी तिच्याकडे बघत होता. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. ती मोरिवाकींकडे वळली, आणि वाकली, आणि चटईशी तोंड असतानाच बोलली, पण दालन इतकं शांत होतं की शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं.

"सात वर्षांपूर्वी तुम्ही मला कागद दिलात, मोरिवाकी-सान, आणि विचारलंत, झालं का सगळं काढून. मी काढलं म्हणाले. काढलं नव्हतं."